जवारी एकसष्ट रुपये

पैज लागली ती भडंगावरून.

ज्या मिरजेत एका गल्लीत माणसाचा मेंदू उघडून नीट करतात आणि पलीकडच्या गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा, तिथल्या जाणत्या माणसांनी भडंगावर पैज लावावी, हे तसं शोभत नाही. पण मंदाताईंच्या चहाच्या गाड्यावर सकाळी दहाला जी डोकी जमायची, ती जाणती असल्याचा आरोप आजवर कुणी केलेला नव्हता.

त्यातलं सगळ्यात कमी जाणतं डोकं सदा मगदूमचं. वय एक्कावन्न, धंदा दवाखान्यांतली मशिनं दुरुस्त करायचा. सोनोग्राफी, डायलिसिस, भूल द्यायचं यंत्र, सगळं. नोकरी कुणाची नाही. बोलावलं की जायचं, मशीन बरं करायचं, पैसे घेऊन घरी. उरलेल्या वेळात गल्लीची फिरकी. एकदा त्यानं बसू टेलरची टेप पळवून तिच्या जागी स्वतः छापलेली टेप ठेवली होती, जिच्यात प्रत्येक इंच केसभर आखूड होता. आठवडाभर अख्खी गल्ली आपण जाड झालो म्हणून भाकरी कमी खात होती. बसूला कळलं तेव्हा तो कात्री घेऊन सदाच्या मागे चौकापर्यंत पळाला, आणि परत येऊन दोघांनी एकाच बशीतला चहा प्यायला.

त्या सकाळी सदाच्या कपाळावर पट्टी होती.

पट्टी तोवर मिरजेत सगळ्यांना माहीत झाली होती. दोन बोटं रुंद, रबरासारखी, आतून बारीक दिवे. "रास्त" नावाच्या कंपनीनं काढलेली. फुटकळ कामं करणाऱ्या माणसानं भाव किती लावावा, हे कायमचं भांडण मिटवायला. वेळेवर भाव लावला तर रेंगाळणारा जिंकतो, नावावर लावला तर मिरवणारा जिंकतो. म्हणून कंपनी म्हणाली, आम्ही कष्ट मोजतो.

आणि ती खरंच मोजायची, त्यात फसवणूक नव्हती. डोळ्यांना न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड कपाळाच्या हाडातून आत जातो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथं ताजं रक्त धावतं. ताज्या रक्तातून उजेड वेगळा परततो, शिळ्यातून वेगळा. परत आलेल्या उजेडावरून पट्टी सांगते, की या माणसाचं कपाळ किती राबतंय. मिनिटाला इतकं, कामाला इतकं, त्याचे इतके रुपये. घासाघीस नाही, मनधरणी नाही. दवाखान्यांना हे फार आवडलं. पट्टी लावल्याशिवाय मशिनीला हात लावू देईनात.

गोम एकच होती. माणूस नवीन काही शिकतो तेव्हा कपाळ पेटतं. तेच काम हजार वेळा केलं की ते कपाळातून खाली उतरतं, मेंदूच्या मागच्या, खोलच्या भागात जाऊन बसतं आणि तिथून गुपचूप चालतं. सायकल शिकणारा घामेजतो, सायकल येणारा शीळ घालतो. पट्टीचा उजेड पोचायचा कपाळापुरता. मागच्या खोलीत काय ठेवलंय ते तिला दिसतच नव्हतं.

सदाला हे पहिल्याच महिन्यात कळलं. कॉलेजातून कालच सुटलेल्या पोरानं साधी फ्यूज बदलली तर पट्टी म्हणाली अकराशे. सदानं भूल द्यायच्या मशिनीचा नुसता श्वास ऐकून कुठला व्हॉल्व्ह अडकलाय ते ओळखलं, वीस मिनिटांत सोडवला, तर पट्टी म्हणाली एकशे चाळीस. घरी बायकोनं, उज्ज्वलानं, गंमत म्हणून पट्टी लावून चोवीस चपात्या लाटल्या. आकडा आला चार रुपये. त्या दिवसापासून ती पट्टीला कार्टी म्हणायची.

मग एकदा सदा डायलिसिसच्या मशिनीत डोकं घालून बसला असताना त्याला आठवलं, की आज लग्नाचा वाढदिवस आहे आणि आपण काहीच घेतलेलं नाही. आकडा उडी मारून नऊशेवर गेला. मशीन तेच होतं, बिघाड तोच होता. सदानं मशिनीतून डोकं बाहेर काढलं आणि एकटाच हसला. म्हणजे कपाळ कशासाठी राबतंय ते पट्टी विचारत नाही. नुसतं राबलं पाहिजे.

लहानपणी वडिलांनी मार देऊन पाठ करून घेतलेली औटकी, साडेतीनाचा पाढा, कामाला आली. सरळ नाही, उलटी. हात स्क्रू फिरवतायत आणि कपाळात चाललंय दहा औट पस्तीस, नव औट साडेएकतीस, आठ औट अठ्ठावीस. भाव दहापट. वर्षभर सदानं असं कमावलं, आणि त्या महिन्यात एका मोठ्या दवाखान्यानं त्याच्या सरासरी भावावर वर्षाचं कंत्राट देऊ केलं. ही टेपेपेक्षा भारी फिरकी होती. दुःख एवढंच, की कुणाला सांगता येत नव्हती.

सांगता येत नाही म्हटल्यावर सदाच्या पोटात ती दुखायला लागली. म्हणून त्या सकाळी तो गाड्यावर बोलून गेला, की आपलं कपाळच असं दणकट आहे, नुसतं भडंग खाल्लं तरी ते चाचांच्या जवारीपेक्षा जास्त भाव आणंल.

चाचा म्हणजे जैनुद्दीन शिकलगार. वय एकाहत्तर. गाड्यासमोरच्या ओट्यावर चटई टाकून ते तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढायचे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, त्या घोडीच्या पाठीला न दिसेल असा उतार द्यायचा. एक केस जास्त घासला तर तार मुकी, एक केस कमी तर तार करकरते. बरोब्बर जमलं की तार घोडीला जेमतेम शिवत राहते आणि सुरातून सूर निघत राहतो. हे मापाचं काम नाही, कानाचं आहे. लांब लांबचे गवई चाचांकडे तंबोरे पाठवायचे.

आणि भाव विचारला की चाचा मान खाली घालून चटईची काडी ओढत म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते."

मग कुणी पाचशे द्यायचं, कुणी तीनशे. पुण्याच्या एका गवयानं शाल, नारळ आणि स्वतःचा फोटो दिला होता. चाचांनी नारळाच्या वड्या केल्या आणि गल्लीत वाटल्या. बसूचंही तेच, ब्लाऊज शिवून झाला की म्हणणार, "तुमच्याकडनं काय घ्यायचं आता, वैनी." पट्टी यायच्या आधी सदाचंही तेच. शून्यातनं काहीही उभं करणारी ही माणसं स्वतःच्या कामाचा आकडा तोंडातनं काढायची वेळ आली, की उघड्यावर आंघोळ करायला सांगितल्यासारखी आक्रसायची. जो भाव ठणकावून सांगतो तो भाजीवाला. आपण कलाकार.

म्हणून पैजेचा दंडही बसूनं तसाच शोधून काढला. हरेल त्यानं बाजाराच्या दिवशी चौकात मंदाताईंच्या स्टुलावर उभं राहायचं आणि पट्टीनं दिलेला आपला भाव भाजीवाल्यासारखा ओरडून सांगायचा. तीनदा.

चाचा हसले. "लाव बाबा पट्टी. तुझं पोट दुखणं तरी थांबंल."

पट्टी दुसऱ्याच्या कपाळावर लावायची तर नाव आणि धंदा नोंदवावा लागतो. सदानं स्वतःच्या बोटांनी मोबाईलवर लिहिलं, जैनुद्दीन शिकलगार, वाद्य कारागीर. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. सदानं "मान्य" दाबलं. बारीक अक्षरं वाचायची तर खिशातून चष्मा काढावा लागला असता, आणि चष्मा लावला की फिरकीतली मजा जाते.

मंदाताईंच्या गाड्यावरचा टीव्ही, ज्यावर एरवी क्रिकेट चालायचं, त्याला पट्टी जोडली. चाचांनी एका तंबोऱ्याची घोडी मांडीवर घेतली. कानस फिरत होती, तार छेडली जात होती, आणि मधे मधे चाचा मंदाताईंना त्यांच्या सुनेचं बाळंतपण विचारत होते. टीव्हीवरची रेघ झोपलेल्या म्हशीसारखी पसरलेली. पस्तीस मिनिटांत ती एकदाच उठली. मंदाताईंनी विचारलं, "चाचा, चहात साखर घालू का नको?" चाचांना साखरेचा आजार होता आणि साखरेची आवडही. दोनेक मिनिटं रेघ वर तरंगत राहिली.

शेवटी तार छेडली. असा सूर, की मंदाताईंनी गॅस बारीक केला. टीव्हीवर आकडा आला एकसष्ट. त्यातले चौदा साखरेचे होते.

मग सदा बसला. समोर तिखटजाळ भडंगाची बशी. हात तोंडाकडे जात होता, आणि तोंडाच्या वर, कपाळात, सात औट साडेचोवीस, सहा औट एकवीस. दहा मिनिटांत आकडा तीनशे चाळीस. गाड्यावर लोक लोटपोट. बसूनं सदाला खांद्यावर घेतलं. एका फरसाणवाल्या कंपनीनं तर "रास्त"वर आकडा बघून तिथल्या तिथं मोबाईलवर विचारणा केली, आमच्याकडं चव घ्यायला याल का, बशीला तीनशे चाळीस.

बाजाराच्या दिवशी चाचा आले. सगळ्यांना वाटत होतं येणार नाहीत, आणि नाही आले तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. ते धुतलेला सदरा घालून आले. बसूच्या खांद्याला धरून स्टुलावर चढले. खाली मेथी, वांगी, गवारीचे ढीग, पिशव्या घेतलेल्या बायका, आणि निम्म्यांचे मोबाईल वर धरलेले. चाचांनी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला भाव तोंडानं सांगायचा होता.

"जवारी एकसष्ट रुपये," ते म्हणाले.

"ऐकू न्हाई आलं," मागून कुणीतरी.

"जवारी एकसष्ट रुपये. एकसष्ट रुपये जवारी."

टाळ्या पडल्या. चाचाही हसले, पण उतरताना त्यांचा पाय स्टुलाच्या कडेला अडखळला. सदानं पुढं होऊन हात दिला. चाचांचा तळहात घामानं गार पडला होता. तो गारपणा सदाच्या हाताला चिकटला, आणि संध्याकाळी साबणानं धुतला तरी गेला नाही.

पुढचं सगळं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. पट्टीनं एकदा काढलेला भाव हा त्या माणसाचा जाहीर भाव. नोंदवहीत कायमचा. चाचांचा स्टुलावरचा व्हिडिओ भरपूर फिरला, आणि त्याच्या खाली कंपनीनं आपोआप छापलं, वाद्य कारागीर, मिरज, जवारी, रुपये एकसष्ट. आठवड्यात ओट्यावर तंबोऱ्यांची रांग लागली. लोक मोबाईल पुढं करून म्हणायचे, चाचा, इथं एकसष्ट लिहिलंय. चाचा म्हणायचे, लिहिलंय तर बरोबर हाय. आणि काढून द्यायचे. तशीच, केसभरही कमी नाही. पूर्वी महिन्याला पंधरा तंबोरे यायचे, आता चाळीस यायला लागले आणि त्यात वीजबिल भागेना. चाचांच्या नाकाखाली मावळायला आलेल्या मिशा आणखी बारीक दिसायला लागल्या. दुपारचा चहा त्यांनी बंद केला. मंदाताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, साखर.

सदा गाड्यावर जायचा, पण आता ओट्याकडे पाठ करून बसायचा. बसूनं विचारलं, मान धरलीय का. सदा म्हणाला, ऊन लागतंय. ऊन त्याच्या तोंडावरच होतं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी चाचा सदाच्या घरी आले. उज्ज्वलानं पाणी दिलं, खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि सदऱ्याच्या खिशातून रबर लावलेली कॅलेंडरची पानं काढली. पाठकोऱ्या बाजूला नावं लिहिली होती, बारीक, उर्दू वळणाच्या मराठीत. त्यांनी पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"गार्गीचा तंबोरा. दिवाळीत काढली होती जवारी. तू पाचशे दिले होतेस." त्यांनी मोजलेल्या नोटा आणि नाणी टेबलावर ठेवली. "चारशे एकोणचाळीस हाएत. बघून घे."

सदाला कळेना. गार्गी म्हणजे त्याची लेक, पुण्यात गाणं शिकते. सदा म्हणाला, हे काय चाचा, कसले पैसे.

"एकसष्टचं काम होतं रे. मी जास्ती घेतले." चाचा त्याच्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते. "मला काय म्हाईत. लोक द्यायचे, मी घ्यायचो. मला वाटायचं, लई अवघड काम करतो आपण. पन्नास वर्षं तेच वाटलं. तू मशिनीतला माणूस, तू सांग, मशीन कशाला खोटं बोलंल?"

 सदानं उज्ज्वलाकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"सगळ्यांचे जमणार न्हाईत," चाचा पानं गोळा करत म्हणाले. "ह्या वर्षाचे तरी फेडतो. वळखीच्यांचे आधी. पुण्याच्या त्या बुवांना शाल परत पाठवली. नारळाचं काय करायचं ते बघू."

नारळाचं त्यांनी हसून सांगितलं, आणि त्यांना दारापर्यंत सोडायलाही सदाला उठता आलं नाही.

चाचा गेल्यावर उज्ज्वलानं पट्टी आणून त्याच्यासमोर ठेवली. म्हणाली, "लावा. आणि मग मला सांगा, भडंग खाताना काय चाललं होतं डोक्यात."

"काय चालणार?"

"लावा म्हटलं."

त्यानं लावली. औटकी म्हटली नाही. काहीच केलं नाही, नुसता टेबलावरच्या पैशांकडे बघत बसला. त्यातली नाणी चाचांनी पुसून आणली असावीत, चकाकत होती. मोबाईलवरचा आकडा चारशेच्या वर गेला, मग सहाशेच्या. औटकीनं एवढा कधी गेला नव्हता. कष्ट आणि लाज यातला फरक पट्टीला ठाऊक नव्हता. दोन्हींत रक्त त्याच जागी धावतं.

मग त्यानं बायकोला सगळं सांगितलं. औटकी, डायलिसिस, वर्षभराचे पैसे, कंत्राट. लग्नाच्या वाढदिवसाचंही सांगितलं, तेवढ्यानं तरी ती हसेल म्हणून. ती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, की कंत्राट जाईल का. सदा म्हणाला, औटकीचं बाहेर पडलं तर नक्की जाईल, आणि दुसरा दवाखानाही दारात उभं करणार नाही. तिनं त्याच्या कपाळावरची पट्टी सोडवली. मग म्हणाली, "चोवीस चपात्यांचे चार रुपये आले तेव्हा तुम्ही हसला होता. मीपण हसले होते. पण मी त्या रात्री जेवले नव्हते, ते तुम्हाला कळलं नव्हतं."

सदानं आधी सोपी वाट बघितली. ओट्यावर एकट्यात जाऊन चाचांच्या कानात सांगून यावं. तो दोनदा ओट्यापर्यंत गेला. एकदा नुसता तंबोरा छान झालाय म्हणून परत आला, एकदा तेही न म्हणता. आणि सांगून तरी काय होणार होतं? नोंदवहीत आणि बाजारभर एकसष्टच राहिलं असतं. चाचांनी चौकात फेडलेलं कानात परत करता येत नाही, एवढं सदाला फिरक्यांच्या अनुभवावरून ठाऊक होतं.

बाजाराच्या दिवशी त्यानं मंदाताईंकडे स्टूल मागितलं. आणि भडंगाची बशी. बसूला म्हणाला, टीव्हीला पट्टी जोड, पैज परत खेळायचीय, आधीची खोटी होती. बसूला वाटलं नवी फिरकी आहे. तो आनंदानं सगळ्यांना हाका मारत सुटला. पाच मिनिटांत गाड्याभोवती कोंडाळं झालं. समोर ओट्यावर चाचा कानस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सदाच्या मनात हिशेब सोपा होता. या वेळी औटकी म्हणायची नाही. सरळ भडंग खायचं. आकडा येईल पाच, फार तर सात. सगळ्यांसमोर हरायचं, स्टुलावर चढायचं, दंड भरायचा, आणि मग बोलायचं.

त्यानं पहिला घास घेतला. आकडा गेला दोनशेवर.

त्यानं घास गिळला, डोळे मिटले, मन शांत करायचा प्रयत्न केला. समोरून कानशीचा आवाज येत होता. तीनशे ऐंशी. लोक शिट्ट्या वाजवायला लागले. सदानं भडंगातले शेंगदाणे मोजायला घेतले, त्यानं आकडा आणखी वाढला. पाचशे दहा. कपाळावरून घाम पट्टीत झिरपत होता आणि टीव्हीवरची रेघ भिंतीवर पाल चढावी तशी वर चालली होती.

"अरे हा परत जिंकला," बसू ओरडला. "सहाशे चाळीस. कपाळ हाय का गिरणी?"

आता आली का पंचाईत. ज्या मशिनीनं खोटं असताना जिंकवलं, ती खरं असतानाही हरू देईना. आयुष्यभर लोकांना फसवत आलेल्या माणसाला एक साधं हरणं जमेना. सदानं पट्टी ओढून काढली, बशीत टाकली आणि स्टुलावर चढला.

"मी जिंकलो न्हाई," तो म्हणाला. "मी हरलोय. मागच्या वेळीपण हरलोय."

लोक हसायच्या तयारीतच होते, हसले. सदा थांबला. त्याचा खिसा थरथरत होता, मोबाईलवर दवाखान्याच्या खरेदीवाल्या साहेबांचं नाव येत होतं. कंत्राटावर सही करायला त्यांनी त्याच दिवशी बोलावलं होतं. सदानं खिशात हात घातला आणि मोबाईल बंद केला.

मग त्यानं औटकीचं सांगितलं. सगळं सांगितलं. भडंग खाताना डोक्यात पाढा होता, दवाखान्यातही वर्षभर पाढाच होता. पट्टीला कामातलं काही कळत नाही, तिला फक्त कपाळ तापलेलं कळतं, आणि ज्याला काम येतं त्याचं कपाळ तापत नाही. चाचांची रेघ झोपली होती ती चाचांना काम येतं म्हणून. आता माझी पेटली ती कशानं, ते तुम्हीच बघा, मी नुसता भडंग खात होतो आणि समोर चाचा बसलेत.

हळूहळू शिट्ट्या थांबल्या. मोबाईल मात्र वरच राहिले. सदाला वाटलं, कुणीतरी शिवी द्यावी. कुणी दिली नाही. बसूच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धं तसंच राहून गेलं होतं, ते कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"दंड," शेवटी बसूच म्हणाला, हळू. "दंड ऱ्हायला तुझा."

दंड म्हणजे आपला भाव ओरडायचा. पट्टीचा भाव बशीत पडला होता. आणि स्वतःचा भाव किती, हे सदाला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिली पंचवीस तो "द्या काय द्यायचं ते" म्हणाला होता आणि शेवटचं एक त्यानं पाढे म्हटले होते. त्यानं तोंड उघडलं, आणि कान तापून लाल झाले.

"मशीन दुरुस्ती," त्याचा आवाज चिरकला. "मशीन दुरुस्ती, एका भेटीचे अडीच हजार."

मेथीची जुडी हातात धरलेली एक बाई सवयीनं म्हणाली, "दोनला करा की."

"अडीच," सदा म्हणाला. "अडीच हजार. मशीन दुरुस्ती अडीच हजार."

तीनदा झालं. उतरायला हरकत नव्हती. तो उतरला नाही. त्यानं ओट्याकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन वांगी विकावीत तसा ओरडला, "जवारी आठशे रुपये! आठशे रुपये जवारी!"

कानस थांबली.

चाचांनी घोडी मांडीवरून खाली ठेवली. पांढरी भुकटी फुंकरीनं उडवली. चटईची काडी त्यांच्या बोटात आलेली दिसली सगळ्यांना, आणि ती न ओढता त्यांनी सोडून दिलेलीही दिसली.

"बाराशे," ते म्हणाले.

मोठ्यानं नाही म्हणाले. पण मंदाताईंनी गॅस बंद केला होता, त्यामुळं ऐकू आलं.

सदा स्टुलावरून उतरला. कोंडाळ्यातून वाट झाली. तो ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळे बघत होते, त्यानं कुणाकडे बघितलं नाही. खिशातून बाराशे काढले आणि चटईवर ठेवले.

"गार्गीच्या तंबोऱ्याचे," तो म्हणाला. 

चाचांनी पैसे मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले, आणि एक पन्नासची नोट, एक दहाची आणि एक रुपया सदाच्या तळहातावर ठेवला.

"एकसष्ट तुझे आधी आलेत," ते म्हणाले. "आता ते स्टूल मंदाला नेऊन दे. आणि चहा सांग. साखर घालून."